रणधीर रानवडे, क्लास थ्री

माझ्या थोरल्या बहिणीने विठ्ठलवाडीला जाऊन ज्या मुलाची चौकशी केली, तो मुलगा मी आदल्या शुक्रवारी आमच्या डायनिंग टेबलावर बसून बॉलपेनने तयार केला होता.

मुलं अशी तयार होत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. एक मुलगी मीही वाढवलेली आहे. म्हणून नीट सुरुवातीपासून सांगतो.

ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून चिकटलो आणि हेडक्लार्क म्हणून सुटलो. सगळ्या नोकरीत एकच तत्त्व पाळलं. फॉर्ममध्ये एकही रकाना मोकळा सोडायचा नाही! (आमच्या लग्नाच्या नोंदणीत नवरीच्या 'ओळखीची खूण' या रकान्यात मी 'हसतमुख' असं लिहिलेलं. वृंदा म्हणते, त्या दिवसापासून ती नोंद खोटी ठरत आली आहे.) निवृत्त झालो आणि डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या पायात यायला लागलो. 'अहो, सरका' हेच माझं नाव पडलं. आमची सई कॉम्प्युटरवाल्या कंपनीत आहे, घरूनच काम करते. तिचं माझ्याशी दिवसाकाठी तीनच शब्दांचं बोलणं व्हायचं. "बाबा, मीटिंग आहे." दार बंद.

फक्त रविवारी दुपारी चार वाजता ते दार उघडायचं. तिचे मित्र, ओंकार आणि तन्वी, घरी यायचे आणि हॉलमध्ये सतरंजीवर बसून तिघं एक खेळ खेळायचे. पत्ते नाहीत, कॅरम नाही. प्रत्येकानं एक काल्पनिक माणूस व्हायचं आणि काल्पनिक राज्यात हिंडायचं. सई जादूगार, तन्वी तलवारवाली. ओंकार हा खेळाचा मास्तर. तो "समोर गुहा आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय" असं सांगणार, ह्या दोघी काय करतात ते बोलणार आणि वीस बाजूंचा एक फासा टाकून जमलं की फसलं ते ठरणार. मी चिवड्याची ताटली घेऊन जायचो आणि "अहो, सरका"ची हाक येईपर्यंत तिथंच उभा राहायचो. मुलीचं इतकं हसणं मला दुसरीकडे कुठं ऐकायलाच मिळत नव्हतं.

त्यांच्यात पूर्वी निखिल म्हणून एक होता. तो खेळात स्काऊट असायचा, म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन धोका आहे का ते बघून यायचा. त्याची बंगळुरूला बदली झाली आणि ह्या दोघी लागोपाठ तीन रविवार एकाच खड्ड्यात पडल्या. तिसऱ्यांदा पडल्या तेव्हा मला राहवेना.

"अगं, आधी कुणीतरी पुढे जाऊन बघून या ना! डोळे मिटून काय चालताय?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हाकलणार.

"बाबा," सई म्हणाली, "तू खेळतोस?"

"विचार करून सांगतो," असं मी म्हणालो खरं, पण तोपर्यंत मी सतरंजीवर मांडी घालून बसलेलो होतो.

शुक्रवारी संध्याकाळी सई छापील फॉर्म घेऊन आली. फॉर्म बघितल्याबरोबर माझ्या अंगात वारंच संचारलं. निवृत्तीनंतर पहिलाच फॉर्म!

"हे तुझं कॅरेक्टर शीट. इथे नाव, इथे उंची, इथे क्लास. क्लास म्हणजे त्या माणसाचा पेशा. तू स्काऊट."

"उत्तम. शाळेत मी स्काऊटमध्ये होतो. सहा प्रकारच्या गाठी येतात मला."

"गाठी नको रे! चोरपावलांनी चालायचं, माग काढायचा, कुलपं उघडायची. आणि हे बघ, आपल्याकडे माणसं कमी आहेत, म्हणून तू मल्टिक्लास कर. म्हणजे एकाच माणसाचे दोन पेशे. स्काऊट आहेच, दुसरा ह्या यादीतून निवड."

मी चष्मा लावून यादी वाचायला लागलो. योद्धा, जादूगार, चोर, गवई... आणि तेवढ्यात मला तो शब्द दिसला. क्लेरिक! मी त्यावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला. कुठल्या तरी परदेशी माणसानं योद्ध्यांच्या आणि जादूगारांच्या पंगतीला आम्हा क्लेरिकल स्टाफला बसवलं होतं! आमच्या खात्यानं कधी एवढा मान दिला नव्हता.

"क्लेरिक," मी म्हणालो.

"खरंच? बाबा, भारी! आम्हाला क्लेरिक हवाच होता! तुला जमेल ना पण?"

"जमेल?" मी म्हणालो. "मी जन्मभर दुसरं केलंय काय?"

सईनं मला चक्क मिठी मारली. ती कशाबद्दल बोलतेय आणि मी कशाबद्दल, हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. मिठी मात्र खरी होती आणि मी ती परत करणार नव्हतो.

ती गेल्यावर मी रकाने भरायला बसलो. इंग्रजी फॉर्मवर समाधान होईना, म्हणून फुलस्केप कागद घेऊन मराठीत पक्की प्रत काढली, कार्बन लावून. नाव: रणधीर सर्जेराव रानवडे. उंची: सहा फूट एक इंच (मी पाच चार आहे, पण आपलाच फॉर्म आपणच भरायचा तर कशाला कंजुषी करा). वय: एकतीस. वंश: अर्धा एल्फ. (एल्फ म्हणजे जंगलातली टोकदार कानांची माणसं. अर्धा घेतला तर अंधारात दिसतं, असं सईनं सांगितलेलं.) गाव म्हणून 'जंगलाजवळची एखादी छोटीशी वाडी लिही' असं ती म्हणाली होती. वाडी म्हटल्यावर मला विठ्ठलवाडीशिवाय दुसरं काही सुचेना. आई-वडील: हयात नाहीत. (राक्षसानं खाल्ले होते, पण सरकारी कागदावर असं कसं लिहिणार!) वाहन: घोडा, स्वतःचा. कौशल्य: कुलपं उघडणे. शत्रू: गोब्लिन, सर्व. (गोब्लिन म्हणजे गुहेत राहणारी बुटकी, कपटी जमात.) क्लास: स्काऊट २, क्लेरिक ३. (आकडे म्हणजे त्या पेशातली पायरी, सईनं सांगितलेली.) 'दोष' असा एक रकाना होता, त्यात मी पाच ओळी लिहिल्या आणि जागा संपली म्हणून मागच्या बाजूला दोन. हे सगळं खेळातल्या पात्राबद्दल आहे, खऱ्या माणसाबद्दल नाही, हे कळावं म्हणून वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं ठळक लिहिलं: 'पात्र'. खाली सही, तारीख.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण आणायला गेलो असताना कल्याणहून कुसुमताई येऊन गेली.

कुसुमताई माझी थोरली बहीण. आमच्या सगळ्या नातेवाइकांत लग्नाच्या स्थळाची चौकशी करावी तर तिनेच. मुलगा पगार किती सांगतो आणि खरा किती, आई तापट आहे का, घरात कोण घोरतं, सगळं दोन दिवसांत काढून आणायची. ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या एका मुलाला घरातलं सोनं विकून गाड्या घ्यायची सवय होती, ते तिनं त्याच्या इस्त्रीवाल्याकडून काढलं होतं. एक मात्र कडक नियम, चौकशी पूर्ण होईपर्यंत घरच्यांनाही काही सांगायचं नाही. त्यामुळे त्या दिवशी ती मेतकुटाची बरणी ठेवून, वृंदाच्या हातचा चहा पिऊन गेली आणि डायनिंग टेबलावरचा एक कागदही घेऊन गेली, हे आम्हाला कळायचं कारण नव्हतं. एक प्रत गेलेली माझ्या लक्षात आली, पण दुसरी होती. कार्बनचा हाच तर फायदा असतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सईनं दिवाळीत घरात जाहीर केलं होतं, "वर्षभर माझ्यासमोर कुणी स्थळाचं नाव काढायचं नाही. काढलं तर मी दिवा स्टेशनला खोली घेऊन राहीन."

"दिव्याला?" वृंदा किंचाळली होती. "अगं, तिथे पाण्याची बोंब आहे!"

"बादल्या भरीन, पण स्थळं नको."

तेव्हापासून आम्ही घरात स्थळ हा शब्दच वापरत नव्हतो. मी तर वर्तमानपत्रात 'पर्यटनस्थळ' वाचतानाही आवाज खाली घ्यायचो.

तर तो रविवार उजाडला. मी इस्त्रीचा शर्ट घालून पावणेचारलाच सतरंजीवर जाऊन बसलो. ओंकारनं गुहा सांगितली. मी चोरपावलांनी पुढे गेलो, फासा टाकला, अठरा पडले! पुढे तीन गोब्लिन झोपलेत, हे बघून सुखरूप परत आलो. सई टाळ्या वाजवायला लागली. "बाबा, तू लय भारी आहेस!" आयुष्यात गोपनीय अहवालावर 'अत्युत्कृष्ट' शेरा मिळाला होता तेव्हासुद्धा मी इतका खूश झालेलो नव्हतो.

पुढे मारामारी झाली आणि तन्वीला बाण लागला.

"काका, लवकर!" ती ओरडली. "मला बरं करा!"

"मी?"

"तुम्ही क्लेरिक ना?"

"हो. एक अर्ज लिहून दे. दोन प्रतींत. मी शेरा मारून पुढे पाठवतो."

ओंकारनं हातातला फासा खाली ठेवला.

"बाबा," सई हळूच म्हणाली, "क्लेरिक म्हणजे काय, असं वाटलं तुला?"

"क्लार्क."

"अरे, क्लेरिक म्हणजे पुजारी! मंत्र म्हणून जखमा बऱ्या करतो तो!"

ओंकार आडवाच झाला. तन्वी बाण लागलेल्या अवस्थेत इतकी हसली की तिला ठसका लागला. सईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मीही हसत सुटलो, कारण पहिल्यांदाच मी त्यांच्यात बसून हसत होतो. नेमकी तेव्हाच बेल वाजली.

दारात कुसुमताई. हातात पर्स, चेहऱ्यावर मोहीम फत्ते केल्याचं तेज.

"सुध्या," ती आत येता येता मला म्हणाली, "तुझ्याकडच्या त्या स्थळाची चौकशी करून आले बरं का!"

सईचं हसू एका क्षणात बंद झालं.

"स्थळ? बाबा?"

"मी नाही! शप्पथ! ताई, कसलं स्थळ?"

"आता लपवतोस कशाला? तुझ्याच अक्षरात लिहिलेला कागद तुझ्याच टेबलावर होता."

सई उठून उभी राहिली. "म्हणजे एकीकडे माझ्याशी खेळायचं, गोड बोलायचं आणि मागून हे? बाबा, बास. पुढच्या रविवारपासून तू इथे बसायचं नाहीस. आणि मी आजच दिव्याच्या खोलीचं बघते."

"सई, अगं..."

"काही बोलू नकोस!"

एवढ्या महिन्यांनी मिळालेली ती सतरंजीवरची हातभर जागा माझ्या डोळ्यांसमोर गुंडाळली जात होती आणि माझा गुन्हा काय, हे मलाच माहीत नव्हतं! ओंकार आणि तन्वी पाहुण्यांनी करायचं असतं ते करायला लागले, म्हणजे चिवड्यातले शेंगदाणे शोधायला लागले.

"आधी ऐकून तर घे गं," ताई खुर्चीत बसत म्हणाली. "नाव मी चारचौघांत घेत नाही, पण मुलगा सरकारी नोकरीत आहे. क्लेरिकल, क्लास थ्री. वर आणखी दुसरं काहीतरी जोडकाम करतो. म्हटलं, चला बघू. स्टेशनाबाहेरच्या किराणावाल्याला विचारलं, तर म्हणाला, 'कोणते?' म्हणजे बघ, त्या आडनावाची बरीच घरं आहेत! म्हटलं, सरकारी नोकरीतले. तर म्हणाला, 'मागच्या गल्लीत बघा.' मागच्या गल्लीत एक बाई मटार सोलत बसलेल्या. मी विचारलं, मुलगा उंच आहे ना? म्हणाल्या, 'हो, उंच आहे.' आई-वडील नाहीत ना? 'नाहीत हो, बिचारा.' शत्रू लिहिलेत, म्हटलं भाऊबंदच असणार, त्यांच्याशी वैर आहे ना? 'कुणाचं नसतं!' म्हटलं, घोडा आहे म्हणे? जरा थांबल्या आणि म्हणाल्या, 'असेल, गावी असेल.'"

घोडा म्हटल्याबरोबर ओंकारच्या हातातला शेंगदाणा खाली पडला. मी सईकडे बघितलं. ती अजून रागातच होती, पण भुवया जवळ आलेल्या होत्या.

"शिक्षणाचंच काही कळेना," ताई पुढे म्हणाली. "शिक्षणाचा रकानाच नाही, वंशापुढे लिहिलंय अर्धा एल्फ. तो एल.एल.बी.सारखा काही कोर्स असणार, अर्धवट सोडलेला. तेही मी चालवून घेतलं असतं. कुलपं उघडता येतात हे स्वतःहून लिहिलंय, म्हणजे प्रामाणिकही आहे. पण माझं मत विचाराल तर, नकार कळवा."

"का?" हे मी विचारलं. मला अजूनही कळत नाही, मी ते इतक्या दुखावलेल्या आवाजात का विचारलं.

"का म्हणजे? कागद बघ की! एक रकाना मोकळा नाही! माणूस 'दोष' लिहायला सांगितलं तर 'नाही' लिहून मोकळा होतो. ह्यानं पाच ओळी लिहून मागच्या पानावर पुढे चालू! प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतो, म्हणे. असला चेंगट माणूस बायकोच्या हातून मीठ घेताना सही मागेल. आपला सुध्या नाही का? वृंदा म्हणून टिकली बाई. पोरीच्या गळ्यात आणखी एक सुध्या कशाला बांधायचा?"

स्वयंपाकघरातून वृंदाचा आवाज येईल, ती माझी बाजू घेईल, म्हणून मी थांबलो. आतून फक्त "बरोबर आहे ताईंचं" एवढंच आलं.

ताईनं पर्समधून कागद काढून सईसमोर धरला. "आणि वर बघ, लाल शाईनं 'पात्र' लिहिलंय! अपात्र ठरवायचा अधिकार आपल्याकडे ठेवलाच नाही!"

सईनं कागद वाचला. नाव वाचलं, गाव वाचलं, मागचं पान उलटून दोन ओळी वाचल्या. माझा रविवार त्या कागदावर होता.

तिच्या तोंडून आधी एक बारीकसा आवाज आला, शिटी निघावी तसा. मग ती मटकन खाली बसली आणि कागदात तोंड खुपसून गदागदा हलायला लागली. ताई घाबरली. "रडू नको गं! नकारच द्यायचाय!"

"बाबा," सई कशीबशी म्हणाली, "तूच सांग आता."

मी सांगितलं. खेळ सांगितला, फॉर्म सांगितला, वाडी कशी सुचली तेही सांगितलं. बोलताना मला खरंच वाईट वाटत होतं. ताईनं उन्हातान्हात पायपीट केली होती, सईच्या काळजीपोटीच केली होती आणि आता तीन पोरांसमोर तिची सगळी चौकशी हवेत जात होती.

ताईनं शांतपणे ऐकून घेतलं. पाणी मागितलं. पाणी प्यायली.

"म्हणजे हा मुलगा नाहीच?"

"नाही, ताई."

"विठ्ठलवाडीत नाही?"

"कुठेच नाही."

"असं कसं? मी त्याच्या शेजारणीशी बोलून आलेय!"

ओंकार पुढे सरकला. त्याच्या चेहऱ्यावर भक्तिभाव होता. "आत्या, जो माणूस नाहीये, त्याचं घर तुम्ही गल्लीपर्यंत शोधून काढलंत. मी ह्या खेळाचा मास्तर आहे, मलासुद्धा त्याची गल्ली माहीत नव्हती!"

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या गालाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. आणि मग ती अशी हसली की खुर्ची करकरली. "अगं बाई, ती मटारवाली! चांगलंच बनवलंन मला! आणि मी तिला आणखी विचारत होते, घोडा कुठल्या रंगाचा!"

"काय म्हणाली?"

"पांढरा म्हणाली मेली!"

सई उठून आधी आत्याच्या गळ्यात पडली, मग माझ्या. "सॉरी, बाबा. उगाच ओरडले." मी म्हणालो, "चालतं गं," आणि चष्मा पुसायच्या निमित्तानं खिडकीकडे गेलो.

पुढच्या रविवारी सतरंजीवर पाच जण होते. एकमतानं ठराव झाला की स्काऊटगिरी कुसुमआत्याकडे द्यायची आणि मी नुसताच क्लेरिक व्हायचं, पुजारीवाला. ताईचं काम बघण्यासारखं होतं. ती गुहेच्या दारातल्या गोब्लिनला ना घाबरली, ना तिनं फासा टाकला. तिनं त्याला विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" पाच मिनिटांत गोब्लिनांची आपसातली भांडणं, खजिन्याची जागा आणि सरदाराचं दुखरं कोपर, सगळं तिच्याकडे होतं. ओंकार घामाघूम होऊन मनातल्या मनात गोब्लिनांची वंशावळ तयार करत होता.

मी मात्र मागे रेंगाळलो. तन्वीच्या जखमेवर म्हणायचा मंत्र मी कागदावर उतरवून आणलेला, त्यातली एक वेलांटी मला खटकली. ती दुरुस्त करेपर्यंत राक्षस आला आणि त्यानं मला खाल्लं.

"काका, तुम्ही मेलात," ओंकार फार वाईट वाटून म्हणाला.

मी सईकडे बघितलं. तिनं आधीच पिशवीतून एक कोरा फॉर्म काढून माझ्यासमोर धरलेला होता. "हा घे, बाबा. पुढच्या रविवारी नवीन माणूस घेऊन ये. आणि परत मेलास ना, तरी चालेल. माझ्याकडे फॉर्मचा गठ्ठा आहे."

म्हणजे माझी जागा पक्की! आता मी जन्मभर दर रविवारी मरायला मोकळा! मला तो आनंद आवरेना. तसाच उठून स्वयंपाकघरात गेलो.

"वृंदा! अगं, ऐकलंस का? मी मेलो!"

"बरं झालं," ती मागे वळूनही न बघता म्हणाली. "हात मोकळे झाले असतील, तर तेवढा नारळ खवून द्या."